ठपक्यानंतरची नोकरी

२००७ च्या जुलैत 'निमिट्झ' ही अमेरिकी विमानवाहू नौका चेन्नईसमोर नांगर टाकून उभी राहिली, तेव्हा आपल्याकडे बराच गदारोळ झाला. अणुशक्तीवर चालणारं जहाज दारात कशाला, अमेरिकेशी एवढं सख्य कशाला, यावर भांडून झालं. ज्याच्या नावानं ते धूड समुद्रात फिरतं त्या माणसाची चौकशी मात्र कुणी फारशी केली नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातलं अमेरिकी आरमार ज्याच्या हुकुमावर लढलं तो हा चेस्टर निमिट्झ. त्याच्या नोकरीच्या नोंदीत, अगदी सुरुवातीलाच, जहाज गाळात घातल्याबद्दलचा ठपका आहे. कोर्ट मार्शल होऊन लागलेला, रीतसर आणि लेखी.

सरकारी नोकरीत मुरलेल्या कुणालाही विचारा, सेवापुस्तकात असा शेरा पडला की पुढे काय होतं. पदोन्नतीच्या यादीत नाव येईपर्यंत तो शेरा झोपलेला असतो आणि यादी लागायच्या आदल्या आठवड्यात नेमका जागा होतो. चूक करणाऱ्याला शिक्षा व्हावी का, हा वाद मला घालायचाच नाही. व्हावी. आपण विचारायला विसरतो तो प्रश्न वेगळा आहे: शिक्षा संपते कधी?

७ जुलै १९०८ ची रात्र. फिलिपिन्समधलं बटांगस बंदर. 'डेकेटर' नावाची विनाशिका आणि तिचा कप्तान एन्साइन (म्हणजे आरमारातला सर्वांत कनिष्ठ हुद्द्याचा अधिकारी) निमिट्झ, वय वर्षं २३. टेक्सासमधल्या जर्मन वस्तीत वाढलेला मुलगा. वडील जन्माआधीच गेलेले आणि तरुणपणी जर्मन व्यापारी जहाजांवर खलाशी असलेल्या आजोबांच्या गोष्टी ऐकत मोठा झालेला. बंदरात शिरताना त्यानं जहाजाची जागा नीट मोजून न घेता अंदाजानं धरली. भरती आहे की ओहोटी, हेही पाहिलं नाही. ही चूक किती बाळबोध आहे हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागणार नाही. खाडीच्या तोंडाशी पाणी न बघता होडी घालणाऱ्याला तो पुन्हा सुकाणूला हात लावू देणार नाही. पाण्याची खोली मोजणारा खलाशी ओरडला की आपण पुढे सरकतच नाही आहोत. 'डेकेटर' चिखलात बसली होती. मागे घेऊन पाहिलं, निघेना. निमिट्झनं मग डेकवर खाट टाकली आणि तो झोपून गेला. जे आपल्या हातात नाही त्याची काळजी करू नये, असं आजोबा सांगायचे म्हणे. सकाळी एका लहान आगबोटीनं दोर लावून विनाशिका ओढून काढली.

कुणी दगावलं नव्हतं. प्रकरण जिथल्या तिथे गाळात पुरता आलं असतं. निमिट्झनं ते वर कळवलं. कोर्ट मार्शल झालं, आरोप सौम्य करून 'कर्तव्यात हयगय' एवढ्यावर आणला गेला आणि शिक्षा झाली लेखी ठपक्याची. आपल्याकडे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये किरकोळ शिक्षांची यादी आहे. तिची पहिली ओळ हीच: ठपका ठेवणे.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९०९ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांत, त्याला पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाला धाडलं. मे महिन्यात 'प्लंजर' नावाची पाणबुडी त्याच्या ताब्यात आली. ठपका लागून वर्ष उलटलं नव्हतं. जहाज रुतवणाऱ्याच्या हातात पुन्हा जहाज, तेही पाण्याखाली जाणारं!

हे सगळं औदार्य होतं असं समजायचं कारण नाही. निमिट्झनं मोठ्या युद्धनौकेवर नेमणूक मागितली होती. तेव्हाच्या अमेरिकी आरमारात महत्त्वाकांक्षी अधिकारी पाणबुडीकडे फिरकत नसे. मान युद्धनौकेला; पाणबुडी म्हणजे बंदराची राखण करणारा तेलकट डबा. आपल्याकडे 'गडचिरोलीला टाकला' म्हणतात त्यातलाच प्रकार. (गडचिरोलीच्या लोकांनी असं काय केलंय की राज्यानं आपले नकोसे कर्मचारी शिक्षा म्हणून त्यांच्याकडेच धाडावेत, हा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे.)

'प्लंजर' ६४ फूट लांब होती, तिच्यावर ७ माणसं. पाण्यावर असताना इंजिन पेट्रोलवर चालायचं, पाण्याखाली बॅटरीवर. पेट्रोलची वाफ त्या बंद नळकांड्यात कोंडायची, माणसं गुंगायची, आणि पायाखालच्या बॅटऱ्यांकडून एखादी ठिणगी उडाली तर सगळाच कारभार आटोपायचा. दुसरा एखादा अधिकारी अशा जागी दोन वर्षं ढकलून बदलीसाठी अर्ज करत बसला असता. निमिट्झ डिझेलच्या मागे लागला. 'स्नॅपर', 'नारव्हाल' अशा एकामागून एक पाणबुड्या त्याच्याकडे आल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये 'स्किपजॅक' आरमारात दाखल झाली, तेव्हा तिचा कप्तान तोच होता. डिझेलवर चालणारी ती पहिली अमेरिकी पाणबुडी. त्याच मार्चमध्ये तिच्यावरचा एक खलाशी पाण्यात पडला. त्याला पोहता येत नव्हतं, ओढ जबर होती. कप्तानानं उडी मारली आणि मदत येईपर्यंत त्याला तरंगत धरून ठेवलं. त्याबद्दल त्याला पदक मिळालं. जून महिन्यात आरमाराच्या युद्ध महाविद्यालयात पाणबुडीच्या डावपेचांवर व्याख्यान द्यायला बोलावलं ते याच २७ वर्षांच्या लेफ्टनंटला.

१९१३ मध्ये तो जर्मनीला गेला, ऑग्सबर्ग आणि हॅम्बुर्गच्या कारखान्यांत डिझेल इंजिनं शिकायला. घरातलं जर्मन तिथे कामी आलं. परत आल्यावर 'मॉमी' या तेलवाहू जहाजाची इंजिनं बसवली. ती पाहुण्यांना दाखवताना हातमोजा दातेरी चाकांत अडकला आणि बोटाचा तुकडा गेला. बोटातल्या अंगठीवर चाक अडलं म्हणून हात राहिला. पुढे १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर, याच 'मॉमी'नं भर अटलांटिकमध्ये चालत्या विनाशिकांना चालत्या चालत तेल दिलं. बंदर गाठल्याशिवाय तेल नाही, ही आरमाराच्या पायातली बेडी तिथे सैल झाली. या सगळ्यात रोमांचक लढाई कुठेही नाही. ग्रीस, वंगण, नकाशे आणि हिशेब. १९२० मध्ये पर्ल हार्बरचा पाणबुडी तळ उभारायला पाठवला तोही हाच माणूस. ३१ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरची राखरांगोळी झाल्यावर, प्रशांत महासागराच्या आरमाराची सूत्रं त्यानं घेतली ती 'ग्रेलिंग' या पाणबुडीच्या डेकवर.

इथे थांबून असं म्हणायचा मोह होतो की बघा, एका चुकीला माफ केलं आणि देशाला सेनापती मिळाला. हा युक्तिवाद मला पटत नाही. माफ केलेले शंभर एन्साइन असतील, त्यातले नव्याण्णव साधारण निघाले असतील, त्यांची नावं कुणाला माहीत? उद्या एखाद्या तलाठ्याची चूक पोटात घातली तर तो मुख्य सचिव होईल असं काही नाही, आणि व्हावा म्हणून ती पोटात घालायचीही नाही. शिक्षा एकाला होते, बघत असतात शंभर. त्या शंभरांनी काय शिकायचं, हे ती शिक्षा ठरवते, म्हणून तिच्याकडे लक्ष द्यायचं.

माझ्या नात्यातले एक गृहस्थ एका कचेरीत लेखा शाखेत होते. एका योजनेची रक्कम त्यांच्या हातून भलत्याच गावाच्या खात्यावर गेली. सारख्या नावाची दोन गावं, एक बुद्रुक आणि एक खुर्द, एवढाच घोळ. तिसऱ्या दिवशी ताळा घेताना त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी स्वतः साहेबांना चिठ्ठी दिली, पैसे आठवड्यात योग्य खात्यावर परत आले. आणि त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. नोटिशीत चूक काय झाली हे त्यांच्याच चिठ्ठीतून शब्दशः उतरवलेलं होतं. पुढे विभागीय चौकशी. चौकशी अधिकारी बदलले, फाईल एकदा हरवली, एकदा सापडली. शेजारच्या टेबलावरचा पंचविशीतला लिपिक हे सगळं रोज पाहत होता. एकदा डबा खाताना तो मला सहज म्हणाला, "काका, यांचं चुकलं काय सांगू? चिठ्ठी दिली ते." त्याची नोकरी अजून तीस वर्षं आहे.

अशी माणसं खात्यात साठत गेली की काय होतं, ते निमिट्झच्याच आरमारात नंतर दिसलं. युद्ध सुरू झाल्यापासून पाणबुड्यांचे कप्तान तक्रार करत होते की टॉर्पेडो चालत नाहीत. खूप खोलवरून जातात, जहाजाच्या खालून निघून जातात, आधीच फुटतात, नाहीतर आदळूनही फुटत नाहीत. शस्त्रास्त्र खात्याचं उत्तर ठरलेलं: तुमचा नेम चुकतोय. एकेक टॉर्पेडो सुमारे १० हजार डॉलरचा, म्हणून शांततेच्या काळात खऱ्या स्फोटकानिशी चाचण्या केल्याच नव्हत्या, ही गोष्ट सांगायला कुणी तयार नव्हतं. १९४२ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ॲडमिरल लॉकवूडनं मासेमारीचं जाळं पाण्यात सोडून त्यावर टॉर्पेडो मारले आणि जाळ्याला पडलेली भोकं मोजली. लावलेल्या खोलीपेक्षा ते बरेच खाली जात होते. खात्यानं आधी त्या चाचणीलाच नावं ठेवली. जून १९४३ मध्ये निमिट्झनं आपल्या टॉर्पेडोंमधली चुंबकीय कळ (जहाजाच्या चुंबकत्वानं, न आदळताच टॉर्पेडो फोडणारी; आधीच फुटण्याचं मूळ हीच) बंद करायचा हुकूम काढला. तेव्हा तिसरा दोष उघडा पडला. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा'च्या कप्तानानं एका थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते बरोबर आदळले आणि फुटले नाहीत. शेवटचा एक त्यानं मारलाच नाही. पुरावा म्हणून जपून परत आणला. मग हवाईच्या कड्यांवर टॉर्पेडो मारून पाहिले, न फुटलेले शोधून काढले, आणि आतली पिन नेमकं काटकोनात आदळल्यावर दबून वाकते हे सापडलं. म्हणजे नेम जितका अचूक, तितका टॉर्पेडो फुसका.

कितीतरी लढाया जिंकून कमावता आलं नसतं ते या पावणेदोन वर्षांत गमावलं गेलं. आपली चूक कबूल केली तर काय होतं हे त्या खात्याला चांगलंच ठाऊक होतं, म्हणून त्यानं दुसऱ्याच्या नेमावर बोट ठेवलं. कप्तानाची चूक कप्तानाच्या नावावर चढते. कार्यालयाची चूक कुणाच्याच नावावर चढत नाही, आणि म्हणून ती सुधारतही नाही.

याउलट निमिट्झनं पर्ल हार्बरला आल्यावर जे केलं ते मला त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठं वाटतं. आधीचे सरसेनापती किमेल यांना दूर केलं होतं. त्यांच्या हाताखालचे अधिकारी आपली बोचकी बांधूनच बसले होते. गुप्तवार्ता बघणारा एडविन लेटन तर उघडच म्हणत होता की मला समुद्रावर पाठवा. हल्ल्याची खबर लागली नाही, हे ज्याच्या खात्याचं अपयश, तो हाच. निमिट्झनं त्याला जागेवर ठेवलं. पाच महिन्यांनी, मिडवे बेटावर जपानी आरमार चालून येणार होतं तेव्हा, लेटननं दिशा, अंतर आणि वेळ सांगितली. शत्रू दिसल्यावर निमिट्झ त्याला म्हणाला की तू पाच मैल, पाच अंश आणि पाच मिनिटांनीच चुकलास.

माझ्या मताला सोयीची नसलेली बाजूही सांगायला हवी. ती याच माणसाची आहे. डिसेंबर १९४४ मध्ये ॲडमिरल हॉल्सीनं आपला ताफा चक्रीवादळात नेला. तीन विनाशिका उलटल्या, सुमारे ७९० माणसं गेली. चौकशीत हॉल्सीच्या निर्णयाची चूक नोंदली गेली, आणि त्याला काही झालं नाही. जून १९४५ मध्ये त्याचा ताफा पुन्हा वादळात सापडला, तरीही काही झालं नाही. लोकांचा लाडका, वर्तमानपत्रांचा लाडका. वर्षाअखेर तो फ्लीट ॲडमिरल झाला. निमिट्झनं वादळाच्या धड्यांवर सगळ्या ताफ्याला एक फार सुंदर पत्र लिहिलं: जहाज वाचवायची वेळ ते वाचवणं शक्य असतानाच असते, अशा आशयाचं. पण ते पत्र सगळ्यांना होतं, म्हणजे हॉल्सीला नव्हतं. इथे मला निमिट्झचा राग येतो. तेव्हाच्या ७९० घरांना तर तो यायलाच हवा होता.

आणि त्याच वर्षी त्याच आरमारानं कॅप्टन मॅकव्हेला उभं केलं. ३० जुलै १९४५ ला 'इंडियानापोलिस' ही क्रूझर 'आय-५८' या जपानी पाणबुडीनं बुडवली. जहाजावर ११९५ माणसं. त्यातली ३१६ वाचली. बहुतेक जण बुडून नव्हे, पाण्यात वाट बघत मेले, कारण जहाज ठरल्या दिवशी बंदरात पोचलं नाही हे किनाऱ्यावर कुणाच्या लक्षातच आलं नाही. चौथ्या दिवशी एका विमानाला ते योगायोगानं दिसले. मॅकव्हेवर आरोप ठेवला की पाणबुडीचा नेम चुकवायला जहाज नागमोडी चालवलं नाही. 'आय-५८'च्या कप्तानाला, हाशिमोतोला, साक्षीला अमेरिकेत आणलं. त्यानं सांगितलं की नागमोडी चालवलं असतं तरी मी बुडवलंच असतं. युद्धात जहाज गमावलेल्या शेकडो अमेरिकी कप्तानांत शत्रूनं जहाज बुडवलं म्हणून कोर्ट मार्शल झालेला हा एकटाच. निमिट्झचं मत होतं की कोर्ट मार्शल नको, लेखी ठपका पुरे. त्याचं ऐकलं नाही. पुढे तो आरमाराचा प्रमुख झाल्यावर मॅकव्हेची शिक्षा माफ होऊन तो नोकरीत परतला, तरी दोषी असल्याचा निकाल कागदावर तसाच राहिला. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना दिलेले ठपके मात्र मागे घेतले गेले. मेलेल्यांच्या नातेवाइकांची पत्रं मॅकव्हेच्या घरी येत राहिली. १९६८ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडली. अमेरिकी काँग्रेसनं त्याला निर्दोष ठरवलं ते २००० साली.

क्षमा वरच्यांसाठी आणि ठपका खालच्यांसाठी, ही वाटणी आपल्याला अनोळखी नाही. म्हणूनच 'चुकांबद्दल उदार व्हा' एवढं म्हणून भागत नाही. उदारपणा नेहमी ओळखीच्या माणसाकडे वाहत जातो. माझं म्हणणं त्याहून कोरडं आहे. चूक ज्यानं स्वतः सांगितली त्याची चौकशी मुदतीत संपवा, शिक्षा कागदावर लिहा आणि ती भोगून झाली की तो कागद पुढच्या बढतीच्या वेळी बाहेर काढू नका. ज्यानं लपवली त्याला दुप्पट. आणि प्रत्येक चौकशीत, कर्मचाऱ्याच्या नावाशेजारी, ज्या कार्यालयानं त्याला वाईट साधन, अर्धा नकाशा किंवा दोन माणसांचं काम दिलं त्याचंही नाव घाला. विमानवाहतुकीत हे काही प्रमाणात होतं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपली नकळत झालेली चूक 'नासा' चालवत असलेल्या यंत्रणेला कळवू शकतो, आणि ठरावीक मुदतीत कळवली तर त्याचा दंड टळतो. वैमानिकांवर कुणाची विशेष माया आहे म्हणून नव्हे. लपवलेली चूक पुढच्या विमानात बसलेली असते म्हणून.

आपल्याकडे अशा वेळी अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी दिलेला राजीनामा हमखास आठवतो. त्या राजीनाम्याबद्दल मला आदर आहे. पण नैतिक जबाबदारी आणि चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा उजेड पडला की दुसरी अंधारात जाते. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न'मध्ये धूर कोंडला आणि दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी राजीनामा दिला आणि सरकारनं तो त्याच दिवशी स्वीकारला. दुसऱ्या दिवशीपासून बातमी राजीनाम्याची होती. पाणबुड्या किती जुन्या, दुरुस्त्या कुठे अडल्या, सुट्या भागांच्या फायली कोणत्या टेबलावर होत्या, हे विचारायला लागणारी चिकाटी आपल्याकडे एका राजीनाम्यापुरतीच टिकते. राजीनामा देणारा माणूस घरी जातो, टेबल तिथेच राहतं.

१९४९ मध्ये निमिट्झचं नाव आपल्याही इतिहासाला चाटून गेलं. काश्मीरच्या सार्वमताचा प्रशासक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी त्याची निवड केली होती. सार्वमत झालं नाही, तो श्रीनगरला कधी कामावर रुजूच झाला नाही. आपल्या नियमांत बसवून पाहिलं असतं तर ती नेमणूकही अवघडच होती म्हणा. सेवापुस्तकात १९०८ चा शेरा होता.

त्या लेखा शाखेतल्या गृहस्थांची चौकशी सहा वर्षं चालली. मधल्या काळात त्यांच्या मागून लागलेले दोघे त्यांच्या वर गेले. निवृत्तीला महिना उरला असताना आदेश आला. दोन पानं, खाली गोल शिक्का. त्यांनी ते मला वाचायला दिलं, चष्मा पुसला आणि शेवटची ओळ बोटानं दाखवली. शिक्षा: ठपका ठेवणे.